विंडोज ७ वरून विंडोज ११ वर थेट लॅन केबलने फोटो घ्यायचे आहेत, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. कोल्हापुरात शाहूपुरीत बाबांचा फोटो स्टुडिओ आहे. त्यांच्या जुन्या कॉम्प्युटरवर साधारण ६०० जीबी डेटा आहे, बहुतेक लग्नं, मुंजी, बारशी. तो नव्या मशीनवर घ्यायचाय. ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगेचं पाणी शाहूपुरीत शिरलं तेव्हा बाबांनी कॅमेऱ्यांच्याही आधी हा सीपीयू माळ्यावर नेला होता. पूर ओसरल्यावर लोक चिखलात भिजलेले अल्बम घेऊन यायचे, 'फोटो परत मिळतील काय?' म्हणून. ज्यांचे यात होते त्यांना मिळाले. त्यामुळे घाई करून एकही फोटो घालवायचा नाही.

डिस्क काढून नव्याला जोडा, असं दुकानदार म्हणाला. बाबा डिस्कला हात लावू देत नाहीत, आणि मला ते पटतं. पेनड्राइव्ह ३२ जीबीचा. शिवाय तो फॅट३२ आहे, लग्नाचा व्हिडिओ ४ जीबीच्या वर गेला की घेतच नाही.

म्हणून मधे राउटर न ठेवता साधी लॅन केबल लावली. आधी दोन्हीकडे १६९.२५४ ने सुरू होणारे आयपी (नेटवर्कवरचे पत्ते) आपोआप आले. मग हाताने जुन्याला १९२.१६८.१०.१, नव्याला १९२.१६८.१०.२ दिला, सबनेट मास्क २५५.२५५.२५५.०, गेटवे रिकामा. जुन्यावर फोल्डर शेअर केलं. नव्यावरून पिंग जातंय (म्हणजे जुना उत्तर देतोय), पण फोल्डर उघडायला गेलं की युजरनेम-पासवर्ड मागतो. जुन्याला पासवर्डच नाही! रिकामा ठेवून बघितला, नव्याचा पिन टाकून बघितला, घेत नाही. दोन कॉम्प्युटर थेट जोडायची वेगळी क्रॉस केबल लागते काय? सांगा की कुणीतरी.

प्रतिसाद १:
केबलला हात लावू नका. पासवर्ड विचारतोय म्हणजे केबल, आयपी, फायरवॉल सगळं ठीक आहे. घोळ रिकाम्या पासवर्डचा आहे. पासवर्ड नसलेल्या खात्याला विंडोज नेटवर्कवरून आत घेत नाही, त्याच मशीनसमोर बसलं तरच घेते. जुन्यावर बाबांच्या खात्याला पासवर्ड द्या. नव्यावर आधी जुन्या कॉम्प्युटरचं नाव, मग बॅकस्लॅश, मग खात्याचं नाव लिहा. पिन नेटवर्कवर चालत नाही. आणि साधं कॉपी-पेस्ट नको, रोबोकॉपी (विंडोजमधलीच कॉपी करायची कमांड) वापरा. मधेच लाइट गेली तर पुन्हा चालवा, झालेल्या फाइली सोडून पुढच्या घेतं. दोन्हीकडे स्लीप बंद ठेवा.

धागाकर्ता:
दादा, उघडलं! दोन दिवस मी केबलच बदलत बसलो होतो. वेग सेकंदाला ११ एमबी दिसतोय, बरोबर आहे का?

प्रतिसाद १:
जुन्याचं पोर्ट १०० मेगाबिटचं असणार. ८ बिटांचा एक बाइट, म्हणून त्यावर कागदावर सेकंदाला १२.५ एमबी आणि हातात ११ एवढंच मिळतं. सगळ्याला १५ तास धरा. पोर्ट गिगाबिट (१००० मेगाबिट) असूनही हाच वेग येत असेल, तर मात्र केबलचं क्रिंपिंग (टोकाच्या पिनेत तारा नीट बसल्यात का ते) बघा. गिगाबिटला आठही तारा लागतात, १०० ला चारच पुरतात, म्हणून एखादी तुटली तरी कळत नाही.

धागाकर्ता:
पोर्ट १०० चंच आहे, बघितलं. २०१९ च्या आधीची लग्नं पहिल्यांदा लावली आहेत. दोन्हीकडच्या फाइलींची संख्या आणि साइज जुळल्याशिवाय जुन्यातलं काही पुसणार नाही. बाबा आज स्टुडिओतच झोपणार म्हणतात.