अपंग विद्यार्थ्यांच्या मदतीला घरच्या उत्पन्नाची अट कशाला?

गणितवेडी: विद्यापीठात शिकणाऱ्या अपंग विद्यार्थ्याने (दिव्यांग म्हणा हवं तर, शब्द बदलून रॅम्प होत नाही) मदत मागितली की पहिला प्रश्न ठरलेला, वडिलांचं उत्पन्न किती? मी दृष्टिहीन आहे. पुस्तक विकत घेतलं की वर्गातल्या बाकीच्यांचा खर्च संपतो, माझा तिथून सुरू होतो. आधी स्कॅन करायचं, मग कुणीतरी सूत्रं हाताने टाइप करायची, कारण सूत्राचं चित्र आलं की स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारा प्रोग्राम) नुसता 'ग्राफिक' म्हणून पुढे जातो. एनव्हीडीए नावाचा स्क्रीन रीडर फुकट मिळतो, पण हे टाइप करणारा माणूस फुकट मिळत नाही. ब्रिटनमधला 'डिसेबल्ड स्टुडंट्स अलाउन्स' घरचं उत्पन्न बघत नाही आणि तो फेडावाही लागत नाही. अपंगत्वामुळे अभ्यासाला जो जास्तीचा खर्च पडतो त्यासाठीच तो असतो. मला हेच पटतं.

हिशेबनीस: पटायला काय, मलाही पटतं. पण सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं येत नाही. निधी ठरलेला असेल तर फी भरताना ज्याच्या नाकीनऊ येतात त्याच्याच रांगेत गाडी-ड्रायव्हरवालाही उभा राहणार. शिवाय अर्ज नीट भरणं, पाठपुरावा करणं शिकलेल्या घरांनाच जमतं. अट काढलीत की आधी त्यांचंच फावेल.

गणितवेडी: गल्लत होतेय. फीमाफीला अट ठेवा, माझी ना नाही. उपकरणं, वाचक, लेखनिक यांना नको. आणि उत्पन्न बापाचं असतं हो. विसाव्या वर्षी बाकीची पोरं शिकवण्या घेऊन स्वतःचा खर्च काढतात, मी प्रत्येक पानासाठी घरी हात पसरायचा?

चाकावरचा: तुम्ही दोघं पैशावरच अडलात. माझी मदत खात्यात आली तेव्हा दुसऱ्या सत्राची परीक्षा होऊन गेली होती. प्रयोगशाळा तिसऱ्या मजल्यावर. वर्षभर दोन मित्र मला उचलून न्यायचे. एकाला ताप आला की माझंही प्रॅक्टिकल बुडायचं. भत्त्यातून मी लिफ्ट बांधणार होतो का? विचारायला गेलो तर उत्तर, "तुम्हाला पैसे मिळतात ना?" म्हणून म्हणतो, रोख नकोच, सोय द्या. २००६च्या संयुक्त राष्ट्रांच्या अपंग हक्क कराराचं कलम २४ उच्च शिक्षणातही वाजवी सोयी द्यायला सांगतं, आणि ती जबाबदारी सरकारवर टाकतं, विद्यार्थ्याच्या खिशावर नाही.

बोटांची भाषा: लिफ्टचं मान्य. पण 'रोख नकोच' हे तुम्ही तुमच्यापुरतं बोला. मला ऐकू येत नाही. संस्थेने दुभाषी दिला, भला माणूस, पण जैवरसायनशास्त्राचा गंध नाही. प्रत्येक नवा शब्द तो एकेक अक्षर बोटांनी करून दाखवायचा, तोवर सरांनी फळा पुसलेला. पैसे माझ्या हातात असते तर विषय शिकलेला कुणीतरी मी शोधला असता.

हिशेबनीस: बरं, उपकरणं आणि माणसं यांच्यापुरती अट काढा, इथवर मी आलो. पण रोख द्यायची तर पावत्या हव्यातच.

बोटांची भाषा: पावत्या देते की! फक्त "आधी खर्च करा, सत्र संपल्यावर परत घ्या" असं नको. दुभाषी दर आठवड्याला पैसे मागतो.