टांझानियात मिशनवर जातेय, गावातल्या एखाद्या घराशी नातं कसं जोडावं?

नंदाखालची नर्स:
नमस्कार मंडळी. मी वसईची, पेशाने नर्स. मे अखेरीस टांझानियाला, म्वान्झाजवळच्या एका मिशन दवाखान्यात चाललेय. राहायची सोय सिस्टरांच्या कंपाउंडमध्ये. आधी जाऊन आलेली एकजण सांगत होती, तिचा सगळा काळ दवाखाना, चॅपल आणि खोली यांतच गेला. गावात कुणाच्या घरी पाणीसुद्धा प्यायली नाही. मला तसं नकोय. पण आगंतुकासारखं कुणाच्या दारात जाऊन उभं कसं राहायचं? स्वाहिली मोडकीतोडकी येते. आई म्हणते, "देवाचं काम करायला चाललीस, पाहुणचार झोडायला नाही."

पापडीवाली:
आईला सांग, तिथे पाहुणचार नाकारला तर माणसं दुखावतात. मी म्वान्झाकडेच मिशनच्या शाळेत गणित शिकवायचे.

गेल्या गेल्या फादरांना सांग, मला जवळच्या जुमुइयात घाला. शेजारपाजारच्या दहा-पंधरा घरांचा गट असतो. आठवड्यातून एकदा पाळीपाळीने एकेकाकडे जमतात, शुभवर्तमान वाचतात, आणि मग खरं सुरू होतं: आजारी कोण, कुणाच्या पोराची फी राहिलीय, कुणाचं छप्पर उडालं. पूर्व आफ्रिकेतल्या कॅथलिक बिशपांनी १९७६ साली या छोट्या गटांवरच भर द्यायचं ठरवलं, त्यामुळे तिथलं चर्च रविवारच्या मिस्सेपुरतं नसतं. गटात आलीस की कुणाच्याही दारात जायला निमित्त शोधावं लागत नाही.

मला माझं घर तिथेच मिळालं. त्या घरच्या मामा (स्वाहिलीत मामा म्हणजे आई) बाजारात डगा विकायच्या. व्हिक्टोरिया सरोवरातली बोटभर चंदेरी मासळी, वाळूवर सुकवतात. अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर वाढलेल्या बाईला त्या वासाचं काय! मी नाक न मुरडता शेजारी बसून मासळी निवडायला लागले, तेव्हा त्यांनी पहिल्यांदा मला नीट न्याहाळलं. तोवर मी त्यांच्या लेखी 'म्हिंदी', म्हणजे भारतीय, दुकानदारांपैकीच कुणीतरी. गुजराती दुकानं तिथे पिढ्यान्‌पिढ्या आहेत ना.

जेवायला बोलावलं तर आपल्याला सोपं आहे. उगाली म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा. उजव्या हाताने तोडायचा, अंगठ्याने खळगा करायचा, त्यात भाजी घ्यायची. गोरे पाहुणे चमचा शोधत असतात. थोरल्यांना आधी 'शिकामू' म्हण, मग घरचे कसे, शेत कसं, पोरं कशी. हे सगळं होईपर्यंत कामाचं काढू नकोस. वॉर्डात राउंड घेतल्यासारखं बोलायची आपली सवय तिथे चालत नाही.

आणि मयतीला जा. बायका रात्री तिथेच चटईवर निजतात. भाषा लागत नाही, भांडी घास. मामांचे दीर गेले तेव्हा मी तशी राहिले. त्यानंतर माझ्यासाठी पाहुण्यांचा कप निघायचा बंद झाला.

गिरीजकर:
पापडीवाली ताई, तुम्ही पैशांचं नावच काढलं नाहीत! माझा भाऊ केनियात फादर आहे. तो म्हणतो, ओळख वाढली की फी, औषध, छपराचे पत्रे, सगळं मागितलं जातं. त्याचा नियम साधा: एकट्या घराच्या हातात काही द्यायचं नाही, गटाच्या वर्गणीत टाकायचं. नाहीतर शेजारी त्या घराशीच धड बोलत नाहीत. या ताई तर नर्स. रात्री-अपरात्री औषधासाठी दार वाजणार, ते आधीच सिस्टरांशी बोलून ठेवा.

पापडीवाली:
औषधाचं शंभर टक्के खरं. पैशांचं अर्धंच पटलं. मामांनी धाकटीच्या फीसाठी माझ्याकडून पैसे घेतले, हो. मला मलेरिया झाला तेव्हा त्यांची थोरली रोज रात्री माझ्या खोलीत झोपायला यायची. तेव्हा कुणी वर्गणीचा विचार केला नव्हता.

नंदाखालची नर्स:
दोघांचेही आभार. पहिल्यांदा कुणाकडे जाताना हातात काय नेऊ? आई सुकेळी बांधून देतेय.

पापडीवाली:
सुकेळी तू खा गं, तिथे केळ्यांना तोटा नाही! किलोभर साखर आणि कपड्याचा साबण ने. परतताना अर्ध्या वाटेपर्यंत सोडायला येतील, नको म्हणू नकोस. आणि जूनमध्ये, ख्रिस्तशरीराच्या सणाच्या सुमारास, म्वान्झाजवळच्या बुजोराला तिथल्या सुकुमा लोकांचा बुलाबो हा नाचाचा उत्सव असतो. बगालू आणि बगिका या दोन नाचमंडळींची चुरस लागते. मिशनच्या गाडीतून जाऊ नकोस, जुमुइयातल्या कुणाच्या तरी पोराबाळांबरोबर दलादलात, म्हणजे तिथल्या मिनीबसमध्ये, कोंबून जा.