मदत हवी: भाच्याचा निराधारचा अर्ज परत आला

खाडीपलीकडे: नमस्कार. भाच्यासाठी संजय गांधी निराधारचा अर्ज केला होता, तो परत आला. "उत्पन्न बसत नाही" एवढंच सांगितलं. बहीण पोराला कडेवर घेऊन तीनदा कचेरीत जाऊन आली. मी गणपतीला चार दिवस आलोय, परवा रात्रीच्या गाडीने मुंबईला परत. उद्याचाच दिवस हातात आहे. काय करू, लवकर सांगा.

नाना मालवण: रे बाबा, पोराचा वय किती, टक्के किती, ता आधी सांग.

खाडीपलीकडे: वय ७. सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या दोषामुळे हालचालींवर परिणाम), दिव्यांगत्व ७५ टक्के.

सुरंगी: यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, आहे की जुना कागदी दाखला? आणि उत्पन्नाच्या दाखल्यावर आकडा किती?

खाडीपलीकडे: कार्ड आहे. उत्पन्न वर्षाला ६०,०००.

बंदरावरचा: मर्यादा २१,००० आहे. नाद सोडा.

सुरंगी: चूक. दिव्यांगांसाठी ५०,००० आहे. माझ्या मुलीच्या वेळी खिडकीवर असंच २१ सांगून परत पाठवलं होतं, अख्खं वर्ष गेलं आमचं. खात्री नसेल तर लिहू नका हो.

बंदरावरचा: शेजारच्या काकूंना २१ च सांगितलेलं.

सुरंगी: त्या विधवा म्हणून अर्ज करत असतील. तिथे २१ च.

आंबेमोहोर: पुतण्याला रोज तेल चोळून खूप फरक पडला. वैद्यांचा पत्ता देऊ का?

खाडीपलीकडे: उपचार चालू आहेत दादा, प्रश्न पैशांचा आहे.

नाना मालवण: बापूस काय करता?

खाडीपलीकडे: इंजिनच्या होडीवर खलाशी, वाट्याने. महिन्याला पाच हजार हातात येतात असं तलाठ्यांना सांगितलं.

नाना मालवण: मगे थयच घोळ झालो! १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. धा म्हयन्याचे पन्नासच होतत. त्येंनी बाराने गुणल्यानी.

सुरंगी: नाना बरोबर बोलतायत. बंदीचे दोन महिने पावसात दुसरी मजुरी नसेल, तर तसं स्वयंघोषणापत्रात स्पष्ट लिहा आणि उत्पन्नाचा दाखला नव्याने काढा. मग अर्ज. ऑक्टोबर २०२५ पासून दिव्यांगांना महिना २,५०० आहेत, सोडू नका. आणि निरामय, म्हणजे दिव्यांगांचा सरकारी आरोग्य विमा, काढलाय का? त्याला उत्पन्नाची अट नाही, सेरेब्रल पाल्सीला मिळतो, वर्षाला एक लाखापर्यंत. थेरपीचा खर्चही त्यात धरतात.

वस्तीची गाडी: एसटीत भाच्याला ७५ टक्के सवलत, आणि दिव्यांगत्व ६५ टक्क्यांच्या वर असल्यामुळे सोबत्याला ५०. पण आमच्याकडे गाडीच वेळेवर येत नाही, सवलत घेऊन करायचं काय?

बंदरावरचा: ग्रामपंचायतीचा दिव्यांगांचा ५ टक्के निधी पण विचारा. आणि मामा, उद्या शनिवार. कचेरी बंद.

खाडीपलीकडे: अरे देवा, गणपतीत वारच लक्षात राहिला नाही. बहिणीला सगळं कागदावर लिहून देतो, सोमवारी ती जाईल. पण भावोजी होडीवर, चार दिवस येणार नाहीत. स्वयंघोषणापत्रावर बहिणीची सही चालेल का?