लाल रंग अजिबात नको

फीडर, म्हणजे पक्ष्यांसाठी साखरपाण्याचं टांगतं भांडं, लावून तीन आठवडे झाले तरी हमिंगबर्ड फिरकत नाही, म्हणून पाण्यात लाल रंग घालू का, असं तुम्ही विचारलंय. नका घालू. फीडरची लाल फुलं त्यांना लांबूनही दिसतात. एक वाटी साधी पांढरी साखर, चार वाट्या पाणी, बस्स. मध, गूळ, ब्राऊन शुगर काही नको. मधाच्या पाण्यात बुरशी फार लवकर धरते. खरा घोळ बहुधा शिळ्या पाण्याचा असतो. जुलैच्या उन्हात आमच्याकडे न्यू जर्सीत ते दोन दिवसांत गढूळ होतं. मग फीडर गरम पाण्यानं ब्रशने घासायचा. मीही पहिल्या वर्षी आळस केला होता, त्यामुळे हे अनुभवाचे बोल!

मुंग्यांसाठी वर पाण्याची छोटी वाटी अडकवा, आपल्याकडे दुधाचं पातेलं परातीतल्या पाण्यात ठेवतात तसंच.

जमलं तर बी बाम आणि कार्डिनल फ्लॉवर ही फुलझाडं लावा. शिवाय कीटकनाशक फवारू नका, कारण हमिंगबर्ड पिल्लांना बारीक किडे भरवतात.

आमच्याकडे लाल गळ्याचा रूबी-थ्रोटेड हमिंगबर्ड येतो, एप्रिलअखेरीस. वजन जेमतेम ३ ग्रॅम, पण दादागिरी अशी की एकच नर सगळ्यांना हुसकावतो. म्हणून दुसरा फीडर घराच्या पलीकडच्या बाजूला, त्याच्या नजरेआड टांगलाय.

आणि पुण्यातल्या बाल्कनीत हमिंगबर्ड पाहिल्याचं ज्यांनी लिहिलंय, तो शिंजीर हो! हमिंगबर्ड फक्त अमेरिका खंडांतच सापडतात.