मदत हवी आहे : नडगीचे दुखणे, प्रात्यक्षिक परीक्षा आणि स्पर्धा एकाच वेळी – माजी महाविद्यालयीन खेळाडूंचा सल्ला हवा

नमस्कार.

मी विज्ञान शाखेच्या दुसऱ्या वर्षात शिकते आणि महाविद्यालयाच्या संघातून ८०० आणि १५०० मीटर धावते. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा पाच आठवड्यांवर आली आहे आणि तिच्याच आठवड्यात माझ्या दोन विषयांच्या प्रात्यक्षिक परीक्षा आहेत. ज्यांनी महाविद्यालयात असताना अभ्यास आणि खेळ दोन्ही सांभाळले आणि आता त्या दिवसांकडे थोडे दुरून पाहू शकतात, अशांचा सल्ला मला हवा आहे, कारण सध्या माझ्या आसपास जे आहेत ते सगळे माझ्यासारखेच त्यात गुंतलेले आहेत.

मुख्य अडचण उजव्या नडगीची आहे. गेल्या वर्षी रिलेच्या संघातील जागा थोडक्यात हुकली, म्हणून या वर्षी मी एका महिन्यात आठवड्याचे अंतर ३५ किलोमीटरवरून ५५ किलोमीटरवर नेले. प्रशिक्षकांच्या वेळापत्रकात एवढे धावणे नव्हते. सकाळची फेरी मी स्वतःच वाढवली. तीन आठवड्यांपूर्वी नडगीच्या आतल्या बाजूला दुखू लागले. सुरुवातीला अंग गरम झाले की दुखणे थांबत असे. आता ते सराव संपल्यावरही राहते, जिना उतरताना जाणवते आणि हाडावर एका ठरावीक जागी बोटाने दाबले की कळ येते. सरावाआधी वेदनाशामक गोळी घेतली की इंटरव्हल (मध्ये थोडी विश्रांती घेत पुन्हा पुन्हा वेगाने धावण्याच्या फेऱ्या) पूर्ण होतात, त्यामुळे अजून कोणाच्या काही लक्षात आलेले नाही.

प्रशिक्षकांना सांगितले, तर माझ्या जागी धावायला दुसरी मुलगी तयार आहे आणि ती चांगली धावते. न सांगता पाच आठवडे असेच काढता येतील का, हे मला कळत नाही. परीक्षेबाबतही मी प्राध्यापकांशी बोललेले नाही, कारण खेळाडू नेहमी सवलती मागतात असे म्हटले जाते आणि मला त्यांच्यात धरले जाऊ नये असे वाटते. रात्रीची झोप साडेपाच तासांच्या वर जात नाही. तुम्ही अशा प्रसंगी काय केले आणि आज पुन्हा त्याच जागी असता तर काय केले असते, हे कृपया सांगावे.

प्रतिसाद : माजी अडथळा शर्यत धावपटू

तुमचा प्रश्न वाचताना मला माझे तिसरे वर्ष आठवले. मी ४०० मीटर अडथळ्यांची शर्यत धावत असे. माझ्याही नडगीत असेच एका जागी दुखत होते आणि मीही गोळ्या घेऊन ते सहा आठवडे लपवले. उपांत्य फेरीत सातवा अडथळा ओलांडून उतरताना पाय टेकवताच आला नाही. हाडातली सूक्ष्म भेग वाढत जाऊन हाड मोडले होते. वेळेवर थांबलो असतो तर दोन-तीन महिन्यांत उरकले असते, असे डॉक्टरांनी नंतर सांगितले. प्रत्यक्षात माझे पूर्ण वर्ष गेले.

पण आज मला त्या वर्षापेक्षा दुसरीच गोष्ट अधिक लागते. त्याच दिवशी संध्याकाळी आमची रिले होती. माझ्या जागी धावू शकणाऱ्या मुलाला कोणी तयारच ठेवले नव्हते, कारण मी तंदुरुस्त आहे असे सगळे धरून चालले होते. संघाला माघार घ्यावी लागली. मी जागा सोडायला तयार नव्हतो आणि त्यापायी उरलेल्या तिघांचीही शर्यत गेली.

गोळी घेऊन काढलेली वेळ ही प्रशिक्षकांना दिलेली चुकीची माहिती असते, हे मला तेव्हा समजले नाही. तुम्ही आज इंटरव्हल पूर्ण केलेत, म्हणून ते पुढच्या आठवड्याचा भार त्या आकड्यांवर ठरवणार. त्यामुळे त्यांच्याकडे जाताना नुसते ‘पाय दुखतो’ असे सांगू नका. दुखणे कोणत्या तारखेला सुरू झाले, नेमके कुठे आहे, गेल्या आठ आठवड्यांत प्रत्येक आठवड्याला किती धावलात आणि गोळ्या किती दिवस घेतल्या, हे कागदावर लिहून न्या. सकाळची फेरी तुम्ही परस्पर वाढवली, हे त्यात नक्की लिहा. तेच सांगणे सर्वांत जड जाते, आणि उपचाराच्या दृष्टीने तेच सर्वांत उपयोगी ठरते.

प्रतिसाद : माजी हॉकी गोलरक्षक

पायाबद्दल जाणकार सांगतील. मी परीक्षेबद्दल लिहितो, कारण माझे तिथे चुकले होते.

स्पर्धेची तारीख मला सत्राच्या आरंभी माहीत होती आणि प्राध्यापकांना मी ती निघण्याच्या आदल्या दिवशी सांगितली. प्रयोगशाळेत तुकड्या, उपकरणे आणि परीक्षक हे सगळे आधीच ठरलेले असते. आदल्या दिवशी एखाद्याची इच्छा असूनही काही बदलता येत नाही. माझी प्रात्यक्षिके बुडाली आणि तो विषय पुढच्या वर्षी पुन्हा द्यावा लागला. मी बराच काळ प्राध्यापकांना दोष दिला, तो चुकीचा होता. पाच आठवडे आधी तुकडी बदलून मागणे ही सवलत नव्हे, ती वेळेवर दिलेली सूचना आहे. स्पर्धेच्या पत्राची प्रत जोडून लेखी अर्ज द्या आणि त्यात पर्याय तुम्हीच सुचवा : याच परीक्षेची दुसरी तुकडी कोणत्या दिवशी आहे ते आधी पाहून ठेवा. पाय बरा नसल्यामुळे स्पर्धेला जाणेच रद्द झाले, तर तेही तितक्याच तत्परतेने कळवा, म्हणजे पुढे तुमच्या शब्दाला वजन राहील.

वैद्यकाचा विद्यार्थी असलेल्या रॉजर बॅनिस्टरने ६ मे १९५४ रोजी ऑक्सफर्डमध्ये ३ मिनिटे ५९.४ सेकंदांत एक मैल पूर्ण केला. चार मिनिटांच्या आत मैल धावणारा तो पहिला. तो रोज दुपारच्या सुट्टीत थोडाच वेळ, पण नेमका सराव करत असे, आणि त्याच वर्षी स्पर्धात्मक धावणे सोडून पुढे मज्जाविकारतज्ज्ञ झाला. आजच्या काळात तेवढ्या सरावावर कोणी विक्रम करील असे मी म्हणणार नाही. पण अंतर वाढवत नेणे हाच प्रगतीचा एकमेव मार्ग आहे असे मनात बसले असेल, तर हे उदाहरण आठवावे.

प्रतिसाद : माजी जलतरणपटू, सध्या फिजिओथेरपिस्ट

तू वयाने माझ्या विद्यार्थिनींएवढी आहेस, म्हणून ‘तू’ म्हणते.

प्रत्यक्ष तपासल्याशिवाय निदान करता येत नाही आणि मी ते करणार नाही. पण तू लिहिलेल्या दोन गोष्टी मला काळजीच्या वाटतात. नडगीच्या आतल्या कडेला लांब पट्ट्यात पसरून दुखत असेल आणि अंग गरम झाल्यावर कमी होत असेल, तर बहुधा तो हाडाच्या आवरणावर आलेला ताण असतो, ज्याला खेळाडू शिन स्प्लिंट म्हणतात. दुखणे एका बोटाखाली मावेल एवढ्या जागी एकवटले आणि सराव संपल्यावरही राहू लागले, तर हाडाला ताणामुळे भेग पडत असल्याची शंका घ्यावीच लागते. हाडावर भार आला की त्यात सूक्ष्म झीज होते आणि विश्रांतीत ती भरून निघते. महिन्याभरात भार दीडपट झाला आणि झोप साडेपाच तासांवर आली, तर भरून निघायला वेळच उरत नाही. म्हणून आजपासून धावणे आणि गोळ्या दोन्ही थांबव आणि या आठवड्यात अस्थिरोगतज्ज्ञ किंवा क्रीडावैद्यक डॉक्टरांना दाखव. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत अशी भेग साध्या एक्स-रेमध्ये बऱ्याचदा दिसत नाही, त्यामुळे एक्स-रे स्वच्छ आला म्हणून लगेच धावायला लागू नकोस. एमआरआयची गरज आहे का, हे डॉक्टरांना स्पष्ट विचार. भेग नडगीच्या मागच्या-आतल्या बाजूला असेल तर ती सहसा चांगली भरते. समोरच्या बाजूची भेग मात्र हट्टी असते आणि तिथे फार जपावे लागते.

आता एक प्रश्न, ज्याचे उत्तर तू इथे दिले नाहीस तरी चालेल, पण डॉक्टरांना अवश्य दे. तुझी पाळी नियमित येते का? धावणे वाढले आणि त्या प्रमाणात खाणे वाढले नाही, तर शरीर ऊर्जा वाचवू लागते. पाळी लांबते किंवा थांबते आणि हाडे कमकुवत होऊ लागतात. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ मध्ये या अवस्थेला रेड-एस, म्हणजे खेळातील सापेक्ष ऊर्जा-कमतरता, असे नाव दिले आणि ती पुरुष खेळाडूंमध्येही आढळते हे नमूद केले. माझ्या वेळी पाळी थांबणे म्हणजे सराव कसून चालला आहे, असे आम्ही मुली एकमेकींना सांगत होतो. त्या समजुतीची किंमत आमच्यातील काही जणी अजून मोजत आहेत, म्हणून इतके उघडपणे विचारते आहे.

झोपेबद्दलही एक सांगते. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या ११ बास्केटबॉल खेळाडूंवरचा एक अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. पाच ते सात आठवडे त्यांनी रोज दहा तास अंथरुणावर घालवण्याचे ठरवले. त्यानंतर त्यांची ठरलेल्या अंतराच्या धावेची सरासरी वेळ १६.२ सेकंदांवरून १५.५ सेकंदांवर आली आणि बास्केटमध्ये जाणाऱ्या फेकींचे प्रमाणही वाढले. खेळाडू थोडे होते आणि तुलनेसाठी वेगळा गट नव्हता, त्यामुळे या आकड्यांवर फार मोठी इमारत उभी करू नये. तरी सकाळची जादा फेरी आणि दोन तासांची झोप यांतून एक निवडायचे झाले, तर मी झोप निवडीन.

प्रश्नकर्ती

सर्वांचे मनापासून आभार. ताई, तुम्ही विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर इथेच देते, कारण कदाचित आणखी कोणी हे वाचत असेल. गेले चार महिने पाळी आलेली नाही. परीक्षेच्या ताणामुळे असेल असे मी धरून चालले होते आणि आईलाही सांगितले नव्हते. आज सांगितले. उद्या डॉक्टरांकडे जात आहोत.

एक गोष्ट मात्र मनातून जात नाही. समजा, या वर्षी धावता आले नाही, तर मी वर्गात आणि मैत्रिणींमध्ये नेमकी कोण म्हणून वावरायचे? सगळे मला धावणारी म्हणूनच ओळखतात.

प्रतिसाद : माजी बास्केटबॉल खेळाडू

या शेवटच्या ओळींसाठी लिहीत आहे. दुसऱ्या वर्षी माझ्या गुडघ्याचा पुढचा क्रूसिएट लिगामेंट, म्हणजे सांधा स्थिर ठेवणारा आतला अस्थिबंध, तुटला. शस्त्रक्रियेनंतर नऊ महिन्यांच्या आधी खेळायला उतरले तर पुन्हा दुखापत होण्याचा धोका बराच वाढतो, असे मला बजावले होते, म्हणून ते नऊ महिने मी मैदानाबाहेर होतो. पायाचे व्यायाम मी नीट केले, पण संघाच्या सरावाला जाणे बंद केले, कारण बाहेर बसून बघणे सहन होत नव्हते. त्या काळातली ती माझी मोठी चूक होती. दुखापतीने खेळ थांबवला होता. माणसे मी स्वतःच तोडली.

ब्रूअर, व्हॅन रालटे आणि लिंडर या मानसशास्त्रज्ञांनी १९९३ मध्ये ‘खेळाडू म्हणून असलेली ओळख’ मोजण्याची एक प्रश्नावली मांडली. ही ओळख पक्की असली की माणूस नेटाने सराव करतो, पण ती एकटीच असली तर दुखापत किंवा निवृत्ती फार जड जाते, हा त्या विचाराचा गाभा आहे. म्हणून धावपटू असणे कमी करा असे मी सांगणार नाही. संघाचा सराव चुकवू नका : वेळा नोंदवा, धाकट्या मुलींच्या धावेचे चित्रण करा, तुमच्या जागी धावणाऱ्या मुलीला पहिल्या फेरीची गती कशी राखायची ते सांगा. मी परत खेळू लागलो तेव्हा पाच मिनिटेच उतरवले जात असे, पण वेळा नोंदवण्याचे काम करताना ज्या प्राध्यापकांशी ओळख झाली त्यांच्यामुळे मी संख्याशास्त्राकडे वळलो आणि आज तेच माझे काम आहे. काही आठवडे गेल्यावरही उदास वाटत राहिले, झोप किंवा भूक उडाली, तर समुपदेशकांना भेटा. तेही नडगीइतकेच खरे दुखणे आहे.

प्रश्नकर्ती

दहा दिवसांनी लिहीत आहे. एक्स-रे स्वच्छ आला, परंतु ताईंनी सुचवल्याप्रमाणे विचारल्यावर डॉक्टरांनी एमआरआय करून घेतले आणि नडगीच्या मागच्या-आतल्या बाजूला ताणाची सुरुवातीची भेग दिसली. सहा ते आठ आठवडे धावणे पूर्ण बंद आहे. रक्ताच्या तपासणीत लोहाचा साठाही कमी निघाला. पाळीसाठी स्त्रीरोगतज्ज्ञ आणि आहारतज्ज्ञ अशा दोघींकडे पाठवले आहे.

प्रशिक्षकांना मी कागद दिला. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी सकाळच्या फेऱ्यांच्या ओळीवर बोट ठेवून विचारले, ‘हे मला तेव्हाच का सांगितले नाहीस?’ मला उत्तर देता आले नाही. माझी जागा दुसऱ्या मुलीला दिली आहे आणि त्याचे वाईट वाटते, हे लपवत नाही. कालपासून मी तिच्या वेळा नोंदवते. स्पर्धेला जायचे नसल्यामुळे परीक्षेची तुकडी बदलावी लागली नाही. तरीही प्राध्यापकांना सर्व सांगितले आणि त्यांनी पुढच्या सत्राचे वेळापत्रक आधी देण्याचे कबूल केले.

आता एकच विचारायचे आहे. डॉक्टरांनी पाण्यात धावण्याची परवानगी दिली आहे. त्याची सुरुवात कशी करावी?

प्रतिसाद : माजी जलतरणपटू, सध्या फिजिओथेरपिस्ट

आईला सांगितलेस आणि एमआरआयचा आग्रह धरलास, दोन्ही फार चांगले केलेस. पाय तळाला टेकणार नाही एवढ्या खोल पाण्यात, कमरेला तरंगता पट्टा बांधून आणि जीवरक्षक हजर असतानाच सुरुवात कर. अंग किंचित पुढे, गुडघा समोर वर आणि मग पाय खाली-मागे, अशी जमिनीवरच्या धावण्यासारखीच हालचाल ठेव. सायकल चालवल्यासारखे पाय फिरवू नकोस. पहिल्या आठवड्यात एक दिवसाआड २० मिनिटे पुरेत. पाण्यात हृदयाचे ठोके जमिनीपेक्षा कमी पडतात, म्हणून घड्याळातल्या आकड्यांमागे न लागता श्वासावरून जोर ठरव. हाडावर भार नसला तरी ऊर्जा खर्च होतेच, तेव्हा आहारतज्ज्ञांना या सरावाचे वेळापत्रक दाखवून त्याप्रमाणे खाणे वाढवून घे. आणि नडगीत त्या जागी पुन्हा कळ आली, तर त्याच दिवशी प्रशिक्षकांना सांग.