बुरशीच्या अर्काने पालक तगेल, पण खाणाऱ्याचं काय?

खामकाठ: खाम नदीकाठी आमची दीड एकर भाजी. पाण्यात शहराचं सांडपाणी मिसळलेलं, दुसरं पाणी नाही. पालक पिवळा पडतो, मुळं खुरटतात. आता बुरशीचा अर्क फवारायचं ठरवलंय, त्याने कॅडमियम-शिशासारख्या जड धातूंचा मार रोपाला सोसवतो म्हणे. आल्याच्या कंदकुजीवर ट्रायकोडर्मा या उपयोगी बुरशीचा गुण मी डोळ्यांनी पाहिलाय, म्हणून माझा विश्वास बसतो. तुमचं मत सांगा.

मातीचा_माणूस: दादा, कंदकूज हा रोग आहे. ट्रायकोडर्मा रोगाच्या बुरशीवर जगते, तिला संपवते. धातू मात्र मूलद्रव्य. तो कुजत नाही की संपत नाही. अर्काने रोपाची सोसण्याची ताकद वाढेल, पान हिरवंगार दिसेल आणि कॅडमियम त्याच पानात राहील. आज पिवळं पान निदान सावध तरी करतं. पालेभाजीत किलोला ०.२ मिलिग्रॅम कॅडमियम ही कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानकांची कमाल मर्यादा आहे, डोळ्यांना ती कशी कळणार? जपानात जिन्झू नदीच्या पाण्यावरचा भात खाऊन माणसांची हाडं ठिसूळ झाली, मूत्रपिंडं गेली. कारण हेच कॅडमियम.

बांधावरून: सरसकट मोडीत काढू नका. बुरशीच्या पेशीभित्तिकेतलं कायटिन धातूला धरून ठेवतं. थरच्या वाळवंटात सापडलेली पिरिफॉर्मोस्पोरा इंडिका ही बुरशी १९९८ साली जगापुढे आली. ती मुळात राहून झाडाला ताण सोसायला मदत करते. शिवाय ज्याच्याकडे तेवढंच रान आहे, त्याने ते पडीक टाकायचं का?

मातीचा_माणूस: तुम्ही सांगताय ते जिवंत बुरशीचं. गाळलेल्या अर्कात धातू धरणारं तंतूंचं जाळं उरतच नाही. आणि जिवंत बुरशीचंही एकसारखं नाही: काहींमुळे झाड धातू कमी घेतं, काहींमुळे जास्त. प्रदूषित जमिनीतून धातू उपसायला तर दुसऱ्या प्रकारच्याच वापरतात. पालकावर हा जुगार नको.
आपल्या चुनखडीच्या रानात जस्त कमी असतं, ते आधी बघा. कॅडमियम जस्ताच्याच वाटेने मुळात शिरतो, जस्त कमी तर त्याला वाट मोकळी.

जुडी_घेणारी: मी त्याच भागातली भाजी घेते. घरात दोन लेकरं आहेत. दादा, पानं तपासून घ्या, मग विका.

खामकाठ: ताई, मीही घरी तीच खातो. मृदा आरोग्य पत्रिका आहे, पण तिच्या १२ घटकांत कॅडमियमही नाही, शिसंही नाही. माती, पाणी, पानं वेगळे पैसे भरून तपासतो. तोवर पालक-मेथी बंद, झेंडू लावतो. अर्क मात्र सोडणार नाही, झेंडूवर मारून बघतो.

बांधावरून: हे पटलं. अर्काशिवाय दोन सऱ्या ठेवा, म्हणजे फरक कळेल.

मातीचा_माणूस: झेंडूला माझी हरकत नाही. फुलं संपली की झाडं शेळ्यांना घालू नका, त्याच रानात गाडूही नका.