एचओए असलेलं घर घ्यायचं का? तुमचे अनुभव लिहा

मेथीची_जुडी
काल रात्री भाच्याचा फोन. फ्रिस्कोला (डॅलसच्या वर) घर बघतायत दोघं, आवडलंय पण एचओए (घरमालकांची असोसिएशन, आपल्या सोसायटीसारखी) आहे, आणि सूनबाई म्हणते एचओए नकोच, तिच्या ऑफिसमधल्या कुणाचं तरी काहीतरी झालंय. मावशी तू सांग म्हणे. मी काय सांगणार, मला पहिली आठवली ती सासूबाईंची नऊवारी.

आम्ही तेव्हा नॉर्थ कॅरोलायनात केरीला होतो. सासूबाई उन्हाळ्यात आलेल्या, ड्रायर त्यांना मंजूर नाही, "कापड मरतं त्यात". मग लुगडं धुवायचं आणि मागच्या डेकच्या कठड्यावर टाकायचं, नऊ वार म्हणजे कठडा या टोकापासून त्या टोकापर्यंत झाकला. थोड्याच दिवसांत पत्र, सोबत फोटो! मागच्या ट्रेलवरून (पायवाटेवरून) काढलेला. डेकवर विनापरवानगी वस्तू, काढा नाहीतर सुनावणीला या. सासूबाईंनी फोटो हातात घेऊन आधी विचारलं, रंग एवढा फिका का आलाय. मग म्हणाल्या सेक्रेटरी कुठे राहतो, चल चहाच्या वेळेला जाऊन येऊ, दादरला आम्ही असंच मिटवतो. आई, इथे सेक्रेटरीच्या घरी कुणी जात नाही, मॅनेजमेंट कंपनी असते, तिचं ऑफिस दुसऱ्या गावात असतं, हे त्यांना शेवटपर्यंत पटलं नाही. वार्षिक मीटिंगला मात्र हट्टाने आल्या. कोरम भरलाच नाही, मीटिंग रद्द. "एवढे लोक पण जमत नाहीत आणि माझ्या लुगड्यावर लक्ष!"

पण त्याच एचओएचा स्विमिंग पूल, ट्रेल, नीट राखलेली झाडं याच्यामुळे घर विकताना आम्हाला काही त्रास झाला नाही हेही खरं. म्हणून भाच्याला हो का नाही म्हणू कळेना. तुम्ही घेताना काय बघितलंत, कशाला घाबरलात, लिहा. टाऊनहोम (रांगेतलं जोडघर), कॉन्डो (फ्लॅट) सगळं चालेल.

पाणीपुरी_एडिसन
वाचतेय. आम्ही पण टाऊनहोम बघतोय. ऑफिसात आहे, रात्री लिहिते. फोटो फिका आला हाहाहा

टिळक_रोड
आमच्याकडे फोटो नसतो, थेट फळ्यावर फ्लॅट नंबर असतो. कुंडीतलं पाणी खाली ठिबकतं यावर आमच्या सोसायटीत झालेला पत्रव्यवहार कुणीतरी छापायला हवा.

सातचा_भोंगा
सेंट्रल जर्सी, टाऊनहोम. घेताना मेंटेनन्स महिना २१० डॉलर आणि शेजारच्या कॉम्प्लेक्सला ३४० च्या आसपास, म्हणून आम्ही खूष, रिअल्टर (एजंट) पण खूष, बघा किती कमी. ते कमी का होतं ते दुसऱ्या हिवाळ्यात कळलं, छपरं सगळी एकाच वेळी घातलेली म्हणजे एकाच वेळी जाणार ना, पण बोर्डाने (म्हणजे कमिटीने) वर्षानुवर्षं मेंटेनन्स वाढवलाच नाही कारण वाढवला की पुढच्या निवडणुकीत पडतात, मग रिझर्व्हमध्ये (मोठ्या दुरुस्तीसाठी साठवायचा निधी) खडखडाट आणि शेवटी स्पेशल असेसमेंट, म्हणजे एकदम जादा वर्गणी, घरटी ९,००० डॉलर. हप्ते दिले पण हप्त्यावर व्याज, कारण असोसिएशननेच बँकेकडून कर्ज काढलं होतं. तर भाच्याला सांगा मेंटेनन्स कमी दिसला की आधी रिझर्व्ह स्टडी मागायचा. छप्पर, रस्ता, स्विमिंग पूल कशाचं किती आयुष्य उरलंय, त्यासाठी किती साठायला हवे होते आणि किती साठलेत ते सगळं असतं त्यात. हवे त्याच्या ७० टक्क्यांच्या वर साठलेलं असेल तर चांगलं धरतात, ३० च्या खाली असेल तर दुसरं घर बघ. आणि मीटिंगचे मिनिट्स, निदान दोन वर्षांचे. कोण कोणाशी भांडतंय तेही कळतं, फुकट करमणूक.

मृ
रिझर्व्ह म्हणजे आपला सिंकिंग फंडच ना?

टिळक_रोड
हो तसाच. आपल्याकडे उपविधीत बांधकाम खर्चाच्या पाव टक्का दरवर्षी सिंकिंग फंड आणि पाऊण टक्का दुरुस्ती निधी, किमान. कागदावर. जनरल बॉडीत हा विषय निघाला की अर्ध्या लोकांना अचानक महत्त्वाचे फोन येतात.

डबा_घेऊन_ऑस्टिन
फ्रिस्को म्हणजे टेक्सास, म्हणजे माझा प्रांत. मेथीताई, तिकडच्या नव्या वसाहतींत विना-एचओए घर शोधणं कठीण आहे, बिल्डर आधी एचओए करतो मग घरं, आणि सुरुवातीची काही वर्षं बोर्डावर त्याचीच माणसं असतात. सूनबाईंना अजिबात नकोच असेल तर रिचर्डसन, जुनं प्लेनो अशी जुनी वस्ती बघावी लागेल, किचन सत्तरच्या दशकातलं मिळेल पण पत्र नाही येणार. एमयूडी किंवा पीआयडी टॅक्स (वसाहतीच्या पाणी, रस्ते वगैरे सोयींसाठीचा वेगळा कर) आहे का तेही बघा, तो एचओएपेक्षा वेगळा, बऱ्याच लोकांना क्लोजिंगच्या (खरेदी पूर्ण होण्याच्या) आसपास कळतो.

आणि पैसे थकवायचे नाहीत. टेक्सासात नुसता दंड थकला म्हणून घर विकायला काढता येत नाही, पण असेसमेंट (म्हणजे मेंटेनन्स, वर्गणी) थकलं तर काढता येतं, घराचं कर्ज पूर्ण फिटलेलं असलं तरी. माझ्या एका मित्राला वाटायचं बँक एस्क्रोमधून (हप्त्यासोबत घेऊन बाजूला ठेवलेल्या पैशांतून) भरतेय, प्रॉपर्टी टॅक्ससारखं. बँक कशाला भरेल? वकिलाचं पत्र आलं तेव्हा वकिलाची फीच मूळ रकमेच्या वर गेलेली.

गुढीचं विचाराल तर २०२१ पासून कायदा चांगला आहे, श्रद्धेपोटी घरावर किंवा अंगणात काही लावलं तर एचओए सहसा अडवू शकत नाही. त्याआधी फक्त दारावर आणि तेही २५ चौरस इंच, म्हणजे पाच बाय पाच. आमच्या आईने विणलेलं तोरण त्यात कुठून बसणार. आता गुढी उभी राहते, शेजारचे आजोबा दर वर्षी विचारतात तांब्या उलटा का.

मृ
मग काय सांगता?

डबा_घेऊन_ऑस्टिन
पाऊस आला तर पाणी साठू नये म्हणून. त्यांना एकदम पटलं.

ओहोटी
मी फ्लोरिडात, टँपाजवळ, कॉन्डो. आमच्याकडे आता नुसतं एचओए म्हणून चालत नाही, बिल्डिंग किती मजल्यांची ते आधी विचारतात. २४ जून २०२१ ला सर्फसाईडची शॅम्प्लेन टॉवर्स साऊथ पडली, ९८ माणसं गेली. दुरुस्तीसाठी दीड कोटी डॉलरचं असेसमेंट त्याच्या थोडंच आधी मंजूर झालेलं, त्याआधी कितीतरी दिवस रहिवाशांचं आपसात भांडण की एवढे कशाला. हे वाचलं ना की सगळ्या मीटिंगा आठवतात ज्यात आपणच हात वर केला होता. इथे पूर्वी दर वर्षी मतदान करून रिझर्व्ह माफ करायचे, म्हातारे लोक म्हणायचे आम्ही कुठे तोवर असणार. २०२२ च्या कायद्याने तीन मजले आणि त्यावरच्या कॉन्डोंना ढाच्याचा रिझर्व्ह अभ्यास सक्तीचा केला आणि तो निधी आता पूर्वीसारखा मत देऊन माफ करता येत नाही. परिणाम काय, जुन्या बिल्डिंगांचे मेंटेनन्स उसळले, माझ्या चुलत नणंदेचा जवळजवळ दुप्पट झाला, विकायचा म्हटलं तर गिऱ्हाईक येत नाही. तरी मी म्हणेन महाग मेंटेनन्सवाली बिल्डिंग घ्या. स्वस्तवाली कुणाच्या तरी डोक्यावर उधारी ठेवूनच स्वस्त असते.

(नऊवारीबद्दल: फ्लोरिडात कपड्याच्या दोरीवर सरसकट बंदी घालता येत नाही, कायदाच आहे. सासूबाईंना सांगा, चुकीच्या राज्यात आलात.)

मेथीची_जुडी
ओहोटी, सासूबाई आता नाहीत ग, पण हे ऐकून फ्लोरिडाला निघाल्या असत्या.

ओहोटी
अरेरे सॉरी. फार मजेशीर असणार त्या.

खारी_बिस्किट
मी बोर्डावर आहे. मारा मला.
फुकट काम. दिवसभर नोकरी आणि रात्री कुणाचं कुत्रं कुठे बसलं याच्या ईमेल. इन्शुरन्सचा हप्ता एका वर्षात इतका वाढला की बजेट परत मांडलं, मेंटेनन्स ३० डॉलर वाढवला तर लोक म्हणाले बोर्ड खातंय. कुठून खाऊ? आणि मीटिंगला या म्हटलं की कुणी नाही. बर्फ पडल्यावर सकाळी सहाला रस्ता साफ हवा, पण त्या कंत्राटाचे पैसे कुणाला आठवत नाहीत. तक्रार करणाऱ्यांत सगळ्यात जास्त आपले देसी, मग बोर्डावर का येत नाही कोणी? तुमच्या भाच्याला म्हणावं घर घे आणि निवडणुकीला उभा रहा, आमच्याकडे तर नुसता अर्ज भरला की बिनविरोध निवडून येतो.

सातचा_भोंगा
खारी, तुम्ही छपराचे पैसे साठवताय ना? मग माफ.

खारी_बिस्किट
साठवतोय हो. त्याच्यासाठीच शिव्या खातोय.

रातराणी_२
एच-वनवर (नोकरीच्या व्हिसावर) असाल तर हे आधी वाचा, बाकी पत्रं-बित्रं नंतर. आमचा टाऊनहोम अटलांटाकडे. नवऱ्याची नोकरी गेली, ६० दिवसांत दुसरी शोधायची, मिळाली ती सिॲटलला. विकायला भाव नाही, म्हटलं भाड्याने देऊ, तर सीसीअँडआरमध्ये (असोसिएशनच्या नियमावलीत) रेंटल कॅप, एवढ्याच टक्के घरं भाड्याने देता येतात, कोटा भरलेला, वेटिंग लिस्ट. हार्डशिपचा अर्ज केला, बोर्डाची पुढची मीटिंग होईपर्यंत इकडे भाडं तिकडे हप्ता. मिळाली परवानगी शेवटी, एका वर्षाची. त्या काळात मी काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. आपलं उद्याचं माहीत नसतं तेव्हा घर भाड्याने देता येतं का, किती काळ, कमीत कमी किती महिन्यांचा करार, हे आधी बघा. रिअल्टर आपणहून सांगत नाही.

मेथीची_जुडी
बाप रे. भाचा एच-वनवरच आहे. हे लगेच पाठवते त्याला.

रातराणी_२
पाठवा. आणि नियम बदलू शकतात हेही सांगा, मतदान करून कॅप नंतर पण आणतात.

चांदोबा_ठाणे
भारतातलं चालेल का? ठाण्यात रिसेलचा फ्लॅट बघतोय, सोसायटी म्हणते ट्रान्सफरचे दोन लाख "स्वेच्छेने" द्या.

टिळक_रोड
ट्रान्सफर प्रीमियमची कमाल मर्यादा २५,००० आहे, वरचं मागता येत नाही, देणगीच्या नावाखाली पण. कन्व्हेयन्स झालंय का ते आधी विचारा, जमीन अजून बिल्डरच्याच नावावर असेल तर उद्या रिडेव्हलपमेंटला अडेल. नवीन धागा काढा, इथे सगळे डॉलरमध्ये आहेत.

पाणीपुरी_एडिसन
आले. मुलं झोपली.
आम्ही बजेट काढलं तर बँक मेंटेनन्सपण धरते. म्हणजे ४०० डॉलर मेंटेनन्स असेल तर ७ टक्के, ३० वर्षं या हिशोबाने साधारण ६० हजारांचं कर्ज कमी मिळतं. नवरा म्हणतो मग ६० हजाराने महाग स्वतंत्र घर घेऊ, पण मग गवत कोण कापणार, बर्फ कोण काढणार, तो तर डिशवॉशर लावत नाही.

अंगणवाडी
आम्ही बिनएचओएचं घेतलं मुद्दाम, ओहायो. डावीकडच्याची बोट गेली कित्येक वर्षं ताडपत्रीखाली, जवळपास तळं नाही. उजवीकडे कोंबडे. पहाटे आरवतात, आजोळी गेल्यासारखं वाटतं म्हणून मला आवडतं, नवऱ्याला नाही. मी ड्राइव्हवेवर कुरडया घालते, कुणी काही म्हणत नाही.

मृ
कुरडया!! गव्हाचा चीक काढता?

अंगणवाडी
हो, तीन दिवस गहू भिजवून. इंडियन स्टोअरचे सिहोर गहू. ऊन जूनच्या शेवटापासून बरं मिळतं.

खारी_बिस्किट
आमच्याकडे ड्राइव्हवेवर घातल्या तर मीच पत्र पाठवेन, आणि मग खायला येईन.

कागद_आधी
व्हर्जिनिया. इथे विकणाऱ्याने असोसिएशनची कागदपत्रं द्यावीच लागतात आणि ती हातात आल्यावर तीन दिवसांत, काही कारण न देता करार रद्द करता येतो, डिपॉझिट परत. आम्ही पहिल्या घराला तसंच केलं. घर सुंदर होतं. पण पॅकेटमध्ये शेवटी शेवटी एक परिच्छेद, असोसिएशनचा बिल्डरविरुद्ध बाल्कन्यांतून पाणी गळतं म्हणून खटला चालू. आमच्या बँकेने सांगितलं खटला मिटेपर्यंत कर्ज नाही. रिअल्टर रुसली. बायको रडली, किचन फार आवडलेलं तिला. प्रत्येक राज्याचं वेगळं असतं, भाच्याने ऑप्शन पिरियड (टेक्सासात करार मोडायची मुदत) संपायच्या आत कागद हातात घ्यावेत. दोनशे पानं असतात पण बजेट, मिनिट्स, खटले, इन्शुरन्स आणि भाड्याचा नियम एवढं वाचलं तरी पुरतं. कुंपणाच्या रंगाची पानं सोडा.

डबा_घेऊन_ऑस्टिन
+१. कुंपणाचा रंग सगळीकडे बेजच असतो.

मेथीची_जुडी
भाच्याने कागद मागवले. भाड्याने द्यायची मुभा आहे पण करार वर्षाच्या आतला नको, आणि पहिलं वर्ष स्वतः राहायचं. रिझर्व्ह स्टडी "शोधून पाठवतो" म्हणाले आहेत. सूनबाईने हा धागा वाचला, ती आता एचओएवर कमी आणि नवऱ्याच्या नोकरीवर जास्त घाबरली आहे. मी निदान तिला सांगितलं की स्टडी आल्याशिवाय ऑप्शन पिरियड संपू द्यायचा नाही, वाढवून मागा, नाही दिला तर सोडा. घरं येतात अजून.

पाणीपुरी_एडिसन
भोंगा, तुमचे ते ९,००० इन्शुरन्सने दिले नाहीत का? माझी मैत्रीण म्हणते लॉस असेसमेंट कव्हर असतं.

सातचा_भोंगा
नाही. ते आग, वादळ असं काही होऊन असेसमेंट आलं तर. छप्पर म्हातारं झालं याला कुठलीच पॉलिसी पैसे देत नाही. पण कव्हर घ्या, मूळ पॉलिसीत बरेचदा फक्त १,००० डॉलरचं असतं, वाढवायला फार खर्च येत नाही.

पाणीपुरी_एडिसन
ओके, उद्या एजंटला फोन. अंगणवाडी, कुरडयांना सोऱ्याची कुठली चकती लावता?

अंगणवाडी
शेवेची बारीक. शेव जाड झाली तर आत वाळत नाही.